साडेसात की पावणेआठ

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीला पतंग उडवायच्या दिवशी बडोद्यात कोणी काम करत नाही. मी मात्र सकाळीच ट्रायपॉड घेऊन दांडिया बाजारात काकूंच्या माडीवर हजर होतो.

त्यांच्याकडे घरची जुनी मोडी जमाखर्चाची वही आहे. आदल्या आठवड्यात तिचे फोटो मीच काढून दिले होते. कॅमेरा दुरुस्तीला गेलेला, म्हणून फोनवर. तेही ट्यूबलाइटखाली, सगळं ऑटोवर सोडून. पानं सुरेख दिसत होती. मग मोडी वाचणाऱ्या सरांचा पुण्याहून फोन आला. "बाराव्या पानावर सातापुढे तीन दंड दिसतायत. पण बेरीज साडेसात धरली तरच जमते. मूळ कागद बघता का?"

जुन्या हिशेबात अंकापुढे एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ७॥ आणि ७॥। यांत फरक एका रेघेचा. भिंगातून पाहिलं, तर तिसरी रेघ नेमकी कागदाच्या घडीवर आलेली. शाई की सावली, छातीठोक सांगता येईना.

फोन एका क्लिकमध्ये बऱ्याच फ्रेम घेऊन एकत्र करतो, खरखरीत दाणे पुसतो, कडा धारदार करतो. लग्नाच्या फोटोंत मला ते आवडतं. पण कागदपत्रांच्या फोटोत, माझ्या मते, ही ढवळाढवळ आहे. घडीची पुसट सावली त्यानं शाईइतकी काळी करून ठेवली होती.

या वेळी ऑटो बंद, रॉ (फोननं हात न लावलेला कच्चा फोटो) चालू, आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, १००. ट्यूबही बंद केली. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि फोटोत आडवे पट्टे उतरतात. मागच्या फोटोंत ते पुसटसे होतेच. पूर्वेची एकच खिडकी उघडी ठेवली. फोन फार जवळ नेला की तो आपणहून रुंद लेन्सवर जातो आणि ओळी कडेला वाकतात, म्हणून हातभर वर बांधला. फोन सरळ खाली बघतोय हे दाखवणारी पडद्यावरची दोन अधिक-चिन्हं एकमेकांवर बसेपर्यंत ट्रायपॉडचे पाय सरकवत राहिलो.

एवढ्याशा उजेडात शटर १/१५ सेकंदावर आलं, आणि वर गच्चीत पोरांची धावपळ. पतंग कापून "काप्यो छे!" झालं की माडीची लाकडी तक्तपोशी थरथरायची, फोटो हललाच. काकू जिन्यात जाऊन ओरडल्या, "अरे, दोन मिनिटं एका जागी उभे राहा रे!" मी तीन सेकंदांचा टायमर लावला आणि श्वास धरून बसलो.

पहिला फोटो उजेड डावीकडून घेऊन काढला. मग वही उलटी फिरवली, म्हणजे त्याच खिडकीचा उजेड अक्षरांच्या उजवीकडून आला, आणि दुसरा काढला. दोन्ही सरळ करून शेजारी ठेवले. पहिले दोन दंड जागच्या जागी. तिसरा मात्र घडीच्या उजवीकडून डावीकडे गेला होता. शाई अशी जागा बदलत नाही.

दोन्ही फोटो पुण्याला पाठवले. दहा मिनिटांत सरांचा फोन. "साडेसात. लिहून घेतो."

"उंधियू गार होतंय, आधी दोन घास खाऊन घे," काकू म्हणाल्या. पण तेराव्या पानावरही तीच घडी उतरली होती. मी वही पुन्हा खिडकीकडे घेतली.