किंग्स्टन ब्लॅक: एकट्यानं सायडर पेलणारं सफरचंद

इंग्लंडच्या नैऋत्येला, सॉमरसेट परगण्यात, टाँटन शहराजवळ किंग्स्टन सेंट मेरी नावाचं खेडं आहे. 'किंग्स्टन ब्लॅक' या सफरचंदाचं नाव तिथूनच आलं. फळ लहान, पिकलं की गडद तांबडं, जवळजवळ काळपट. ते खायच्या कामाचं नाही. चावलं की आधी आंबट-गोड रस लागतो आणि मागोमाग कच्च्या जांभळासारखा घसा धरणारा तुरटपणा. सायडरला, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेल्या मद्याला, मात्र नेमका हाच तुरटपणा लागतो, कारण साखर आंबून संपल्यावर पेयाला अंग उरतं ते टॅनिनचं, म्हणजे तुरटपणा देणाऱ्या द्रव्याचं.

ब्रिस्टलजवळच्या लाँग ॲश्टन संशोधन केंद्रात (स्थापना 1903) सायडरच्या सफरचंदांचे चार गट पाडले गेले. आम्ल 0.45 टक्क्यांच्या वर की खाली आणि टॅनिन 0.2 टक्क्यांच्या वर की खाली, एवढाच हिशोब. किंग्स्टन ब्लॅक 'तुरट-आंबट' गटात धरतात: आम्ल सुमारे 0.6 टक्के, टॅनिन 0.2च्या आसपास, आणि साखरही भरपूर. बहुतेक जातींमध्ये यातलं काहीतरी कमी पडतं, म्हणून तीन-चार रस मिसळावे लागतात. या एका फळात मेळ आपसूक जमतो, म्हणून त्याचं एवढं नाव.

झाड मात्र त्रासदायक. उत्पन्न कमी, आणि कँकर हा बुरशीजन्य रोग त्याला लवकर धरतो. साल खचते, जखम फांदीला वेढा घालते आणि पुढचा भाग वाळतो. पाणी साचणाऱ्या जड जमिनीत हा रोग हमखास येतो. निचऱ्याची जागा निवडावी, रोगट फांदी निरोगी लाकूड दिसेपर्यंत कापावी आणि छाटलेलं जाळून टाकावं. पानांवर-फळांवर खवल्याचे डागही पडतात. नवीन बाग लावणाऱ्यानं सगळी झाडं याच जातीची लावू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन-तीन किंग्स्टन ब्लॅक आणि बाकी डॅबिनेट लावावीत. डॅबिनेटही सॉमरसेटचंच, तुरट-गोड आणि भरवशानं फळणारं. कलम साधारण मार्चमध्ये करतात. लहान झाड हवं तर एमएम 106 हा खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मूळझाड) घ्यावा, खाली मेंढ्या चरतील असं उंच हवं तर एम 25. बागेत मेंढ्या असतील तर तोडणीच्या 56 दिवस आधी बाहेर काढायच्या, कारण फळं जमिनीवरूनच वेचतात आणि लेंड्यांतले जंतू रसात उतरतात.

फळं ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये गळतात. उरलेली लांब आकडीनं फांदी हलवून पाडतात. लगेच दळायची घाई नको. ढीग करून दोन-तीन आठवडे ठेवावीत. अंगठा दाबल्यावर सहज रुतला की तयार. तपकिरी मऊ भाग असलेलं चालेल, बुरशी आलेलं काढावं. धुवून भरडायची आणि भरड कापडात गुंडाळून, मध्ये लाकडी जाळ्या घालत, थरावर थर रचून दाबायची. 100 किलो फळांतून साधारण 60 ते 65 लिटर रस निघतो. चोथा गुरांना जातो. रसाला लोखंड लागू देऊ नये: टॅनिनशी संयोग होऊन सायडर काळं पडतं.

हायड्रोमीटरवर (रसात तरंगवून घनता मोजायचं साधन) घनता पाण्याच्या 1.060 पट आली तर पूर्ण आंबल्यावर मद्यार्क पावणेआठ टक्क्यांच्या आसपास जातो. मग पीएच पाहावा; हा आकडा जितका कमी तितका रस आंबट. 3.3 ते 3.5 असेल तर नको असलेले जंतू दाबणारं सल्फाइट 100 पीपीएम (दहा लाखांत 100 भाग) घालावं, म्हणजे 4.5 लिटरला सल्फाइटच्या दोन कॅम्पडेन गोळ्या. पीएच 3.8च्या वर असेल तर आधी मॅलिक आम्ल (सफरचंदातलं मुख्य आम्ल) घालून तो खाली आणावा. नुसतं सल्फाइट तिथे पुरं पडत नाही. सल्फाइटनंतर 24 तास थांबून मगच यीस्ट. घाई केली तर यीस्टही दबतं.

10 ते 15 अंश सेल्सिअसला सावकाश आंबू द्यावं. सुरुवातीला फेस वर येतो, तेवढी जागा सोडावी. फेस बसला की भांडं गळ्यापर्यंत भरून एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी झडप) लावावा. इथेच सगळ्यात जास्त माल वाया जातो. रिकाम्या जागेत हवा राहिली की ॲसेटिक जिवाणू सायडरचा व्हिनेगर करतात आणि तो परत फिरवता येत नाही. घनता 1.005वर आली की साका तळाशी ठेवून वरचं सायडर नळीनं, खळखळ न करता, दुसऱ्या भांड्यात घ्यावं.

वसंतात ऊब वाढली की ते पुन्हा बुडबुडे सोडू लागतं. बऱ्याचदा हे उरलेली साखर आंबल्यामुळे नसतं; जिवाणू मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करत असतात. किंग्स्टन ब्लॅकला हे मानवतं, आंबटपणाची धार बोथट होते. बाटल्या त्यानंतरच भराव्यात. त्याआधी, किंवा घनता 1.005च्या वर असताना साध्या काचेच्या बाटलीत बूच मारलं, तर आतल्या वायूच्या दाबानं बाटली फुटते. फसफसतं हवं असेल तर शॅम्पेनच्या जाड बाटल्याच वापराव्यात.