मागे बसणाऱ्याचं माप

आमच्या शॉपमध्ये रोज होतात ते इलेक्ट्रिक पॅनेलचे डबे. अंबड एमआयडीसीत गरवारे पॉइंटहून आत शिरलात की पत्रा वाकवून पोट भरणारी अशी कितीतरी युनिटं दिसतील. नाशकात स्विचगिअरच्या मोठ्या कंपन्या आहेत, त्यांच्या जिवावर आमचं चालतं. मोटारसायकलचे साइडबॉक्स हे आमचं नेहमीचं काम नाही. तरी त्या शनिवारी सुट्टी असताना मी शटर उघडलं, कारण आदल्या संध्याकाळी एक काका-काकू त्यांची हिमालयन दारात घेऊन आले होते आणि गाडीचा डावा डबा दोरीने बांधलेला होता.

काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. दोघांना गाडीवरून नर्मदा परिक्रमा करायची होती. चातुर्मास संपला की ओंकारेश्वरहून निघायचं, मैया कायम उजव्या हाताला ठेवायची, अमरकंटकला वळसा घालून परत. तीन हजार किलोमीटरच्या वर रस्ता. त्यासाठी त्यांनी एकाकडून ॲल्युमिनियमचे डबे करून घेतले, सामान भरलं आणि पेठ रस्त्याला चक्कर मारून बघितली. सावळघाटात डावा डबा लोंबकळायला लागला. नशीब, मागून ट्रक येत नव्हता.

डबा टेबलावर घेऊन मी आधी तडा बघितला. वेल्डचा मणी, म्हणजे जोडावरची फुगीर रेघ, शाबूत होता. तडा गेला होता मण्याच्या अगदी कडेने, ब्रॅकेटला अर्धा वळसा घालून. वेल्डरचा हात वाईट नव्हता, जागा चुकली होती. या जातीच्या ॲल्युमिनियम पत्र्याची ताकद बरीचशी रोलिंगमध्ये, रोलरखाली दाबला जाताना, आलेली असते. वेल्डिंगची उष्णता लागली की मण्याशेजारची पट्टी परत मऊ पडते. त्या मऊ पट्टीवर दहा किलोचा डबा टांगायचा आणि खड्ड्याखड्ड्यातून न्यायचा म्हटल्यावर पत्रा तिथेच थकणार. शिवाय डबे टांगायच्या दोन बाजूंच्या दोन फ्रेम सुट्या उभ्या होत्या, त्यांना मागून जोडणारा पाइपच नव्हता. दोन्ही हातांनी धरून दाबल्या तर चांगल्या बोटभर आत आल्या. डबा हलत होता तो फ्रेममुळे, आणि हलत होता म्हणून फाटला.

चौकोनी डबा कुणीही करून देईल. त्याचं वजन चॅसिसपर्यंत कसं पोचवायचं, यातच सगळं काम आहे.

मी काकांना सांगितलं, ‘‘ब्रॅकेट वेल्ड करणार नाही. आतून तीन मिलीमीटरची पट्टी घालून रिव्हेट मारणार.’’

काका एकदम खुलले. ‘‘अरे, लालपरीचा अख्खा पत्रा रिव्हेटवर असायचा. नोकरीभर तेच केलं मी. हे डबे करणाऱ्यालाही म्हटलं होतं, रिव्हेट मारा म्हणून.’’

मग नव्या डब्यांचं माप. काका म्हणाले, जुन्याच मापाने करून टाक. ते मला पटेना. मी त्यांना गाडीवर बसायला सांगितलं, काकूंना मागे, आणि जुना धड असलेला उजवा डबा जागेवर धरून ठेवला. काकूंनी फूटरेस्टवर पाय ठेवला तर त्यांची टाच डब्याच्या पुढच्या कडेला टेकत होती. ‘‘इथेच लागतं,’’ त्या म्हणाल्या आणि सलवार जरा वर करून घोट्याच्या मागचा काळानिळा डाग दाखवला. पेठच्या चकरेत झालेला. काकांना हे माहीतच नव्हतं. काकू म्हणाल्या, ‘‘तुम्ही गाडी चालवत होतात, तुम्हाला कशाला सांगत बसू?’’ काका गप्प झाले, मीही.

साइडबॉक्सची मापं सगळीकडे सामानाच्या हिशेबाने काढतात, मागे बसणाऱ्याचा पाय कुणी मोजत नाही, याचा मला राग आला. इतक्या लांबच्या रस्त्यावर ती टाच रोज कडेला घासली असती.

सोपा उपाय म्हणजे डबा मागे सरकवायचा. पण वजन मागच्या चाकाच्या आसाच्या मागे गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात गाडी डुलायला लागते. म्हणून डबा होता तिथेच ठेवला आणि त्याचा पुढचा खालचा कोपरा तिरका छाटला, शंभर बाय शंभर मिलीमीटरचा. लिटरभर जागा गेली. काका त्या लिटरसाठी जरा कुरकुरले, काकूंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. झाकणही सीटच्या खाली राहील असं घेतलं, म्हणजे काकूंना फूटरेस्टवर चढून पाय पलीकडे टाकता येईल.

मापं ठरली ती अशी: लांबी ४५० मिलीमीटर, उंची ३६०, डावीकडे रुंदी २३० आणि उजवीकडे १९०, कारण हिमालयनचा सायलेन्सर उजवीकडे आणि तिथे फ्रेम बाहेर काढावी लागते. दोन डबे एकसारखे केले असते तर उजवा बाहेर आला असता. गाडीच्या मध्यापासून दोन्ही बाजू सारख्याच बाहेर हव्यात. गर्दीत आपण हँडल बघून गाडी घुसवतो, मागे काय बाहेर आलंय ते दिसत नाही.

पत्रा दीड मिलीमीटरचा, ५०५२ जातीच्या ॲल्युमिनियमचा. डावा मोकळा डबा तीन किलोच्या आत बसतो. तोच १.२ च्या लोखंडी पत्र्यात केला तर साडेसहा किलोच्या आसपास जातो. ६०६१ जातीचा तुकडाही शॉपमध्ये पडला होता, पण तो कडक पत्रा बेंडिंगला घट्ट वाकवला की काठावर चिरतो.

कोपरे मात्र वेल्डच केले. तिथे पत्रा तिन्ही बाजूंनी एकमेकाला धरून असतो, भार वाटला जातो. आमचे वेल्डर चाचा सुट्टी सोडून आले. काकू त्यांच्यामागे उभ्या राहून बघायला लागल्या, तशी चाचांनी आधी त्यांच्या हातात काचेचा मास्क दिला आणि मग समजावलं, ‘‘ॲल्युमिनियम साडेसहाशेच्या वर वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइड दोन हजाराला. दुधावरच्या सायीसारखा तो वर बसलेला असतो. म्हणून एसी करंट, तो साय फोडतो.’’ आणि ॲल्युमिनियम वितळण्याआधी लाल होत नाही, चमक बघूनच हात चालवावा लागतो. चाचांचा मणी बघत राहावा असा असतो.

पाणी अडवण्यासाठी सिलिकॉन थापायचा मी कट्टर विरोधक आहे. पॅनेलला आम्ही दाराभोवती पत्र्याचीच उभी कड काढतो आणि दाराच्या आतलं रबरी गॅस्केट त्या कडेवर दाबून बसतं. पाणी आलंच तर कडेबाहेरून ओघळतं. इथेही तेच केलं. डब्याच्या तोंडाला उभी कड, झाकणात रबर, दोन बाजूंनी दाबणाऱ्या कड्या. स्टीलच्या बोल्टखाली नायलॉनचे वॉशर घातले, नाहीतर पावसात स्टील आणि ॲल्युमिनियम एकमेकाला टेकून ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

फ्रेमला नंबरप्लेटच्या मागून आडवा पाइप टाकला. तो बसल्यावर काकांनी पूर्ण जोर लावून फ्रेम दाबून बघितली. हलली नाही. त्यांनी परत दाबून बघितली.

संध्याकाळी पाण्याची परीक्षा. आयपी ५५, म्हणजे धूळ-पाणी अडवण्याच्या त्या दर्जाच्या, पॅनेलला असते तीच: ६.३ मिलीमीटरचं नोझल, मिनिटाला साडेबारा लिटर. डब्यांत वर्तमानपत्राचे कोरडे कागद अंथरले, कारण ओल आली की कागद लगेच सांगतो. सगळ्या बाजूंनी फवारा मारून झाकण उघडलं. डावा कोरडा. उजव्यात बिजागरीजवळ एका कागदाचा कोपरा ओला. तिथला एक रिव्हेट आरपार उघडा होता. तो काढून बंद तोंडाचा मारला, पुन्हा फवारा मारला, मग काकूंनी स्वतः कागद चाचपून पसंती दिली.

निघताना मी दोनच गोष्टी बजावल्या. जड सामान तळाशी आणि पुढच्या बाजूला. आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर फ्रेमचे सगळे बोल्ट परत आवळा.

परिक्रमा सुरू झाल्यावर शहाद्याहून काकूंचा फोन आला. राजघाटाच्या अलीकडे अवकाळीने गाठलं होतं, कपडे कोरडे होते, काकांनी बोल्ट आवळले होते आणि टाच ठीक होती. फोन कशासाठी, तर झाकणावर चार कड्या हव्यात, वर चटई बांधायला जागा नाही, परत आल्यावर करून देशील का. मी त्याच दुपारी झाकणाचं ड्रॉइंग काढलं. कड्यांखाली आतून पट्टी द्यावी लागेल, नाहीतर चटई ओढून ओढून झाकण वाकेल.