गच्चीवरचा एसडीआर आणि खालचा लॅपटॉप: जोडणी नेमकी कुठे तुटत होती

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत घराला घर लागून आहे. अँटेनाला मोकळं आभाळ हवं तर गच्चीशिवाय जागा नाही, आणि माझी कामाची खोली तळमजल्यावर. एवढ्या अंतराची आरजी-५८ कोॲक्स, म्हणजे अँटेनाची वायर, खाली ओढली, तर १४५ मेगाहर्ट्झला निम्म्याहून जास्त सिग्नल वायरीतच जिरतो. म्हणून रिसीव्हरच वर अँटेनाशेजारी बसवायचा आणि खाली फक्त डेटा आणायचा, असं ठरवलं. उद्यमनगरातून पाईपसाठी ब्रॅकेट करून आणला. जिन्याच्या खोलीत रास्पबेरी पाय ३ हा छोटा संगणक, त्याला आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे यूएसबीत बसणारा सॉफ्टवेअर रेडिओ (एसडीआर), आणि तिथून खाली राउटरपर्यंत घरात आधीच असलेली लॅन केबल. ती पूर्वीच्या सीसीटीव्हीसाठी कुणीतरी टाकली होती, उपयोगात नव्हती.

हा खटाटोप मुलांसाठी होता. माझ्याकडे अकरावी-बारावीची मुलं भौतिकशास्त्राला येतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना १४५.८०० मेगाहर्ट्झवर जे प्रक्षेपण होतं, ते त्यांना प्रत्यक्ष ऐकवायचं होतं. सव्वातीन किलोहर्ट्झच्या आसपासचा डॉप्लर बदल (स्थानक जवळ येताना आणि लांब जाताना वारंवारितेत पडणारा फरक) फळ्यावर सूत्रातून समजावणं वेगळं आणि स्क्रीनवर ती रेघ वाकताना बघणं वेगळं. शिवाय भारतात हौशी रेडिओला दिलेला १४४ ते १४६ चा पट्टा त्यांना एका नजरेत दिसावा, असंही मनात होतं. या शेवटच्या इच्छेनेच पुढची सगळी गुंतागुंत आणली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या डोंगलमधली आरटीएल२८३२यू ही चिप टीव्ही बघण्यासाठी बनवलेली. ती रेडिओ लहरींचे कच्चे नमुने थेट संगणकाला देऊ शकते, हे २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींच्या लक्षात आलं, आणि एरवी महाग असलेला सॉफ्टवेअर रेडिओ घराघरांत पोचला. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग, आय आणि क्यू, प्रत्येकी ८ बिट. सेकंदाला २४ लाख नमुने घेतले तर ४८ लाख बाइट, म्हणजे ३८.४ मेगाबिट. हा आकडा लक्षात असू द्या.

पायवर आरटीएल-टीसीपी हा छोटा प्रोग्राम चालवला की तो डोंगलचे नमुने नेटवर्कवर सोडतो. खालच्या लॅपटॉपने त्याच्या १२३४ क्रमांकाच्या पोर्टला जोडून घ्यायचं. पहिल्याच दिवशी माझ्या लॅपटॉपवर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं. एका विद्यार्थ्याने स्वतःच्या लॅपटॉपवरून प्रयत्न केला तर त्याला बराच वेळ काहीच नाही, मग ‘टाइम आउट’. बहुतेक जण हे दोन्ही संदेश एकाच अर्थाने घेतात आणि सगळं बंद करून पुन्हा चालू करतात. पण त्यांत फार मोठा फरक आहे. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे दार वाजवलं, घर सापडलं, आणि आतून लगेच आवाज आला की या खोलीत कुणी नाही. ‘टाइम आउट’ म्हणजे आपण त्या घरापर्यंत पोचलोच नाही, किंवा वाटेत कुणीतरी निरोप गिळला.

त्यामुळे दोघांची कारणं वेगवेगळी शोधली. त्या मुलाचा लॅपटॉप आमच्या राउटरच्या गेस्ट वाय-फायवर होता. गेस्टवरच्या उपकरणांना घरातली इतर उपकरणं दिसू नयेत अशीच ती सोय असते, त्यामुळे त्याचं टाइम आउट होणं साहजिक होतं. त्याला घरच्या मुख्य नेटवर्कवर घेतलं आणि त्यालाही ‘रिफ्यूज्ड’ यायला लागलं. ही प्रगतीच होती. मग पायवर एसएस या कमांडने बघितलं, तर आरटीएल-टीसीपी १२७.०.०.१ या पत्त्यावर बसला होता. हा पत्ता म्हणजे यंत्राचं स्वतःशीच बोलणं, बाहेरच्याला तिथे प्रवेश नाही. काही सांगितलं नाही तर हा प्रोग्राम तसाच बसतो. सुरू करताना ‘ए’ हा पर्याय देऊन ०.०.०.० असं सांगितलं की तो सगळ्या बाजूंनी ऐकायला लागतो.

पाय पुन्हा सुरू केल्यावर नवीन अडचण आली: डोंगल ‘क्लेम’ करता, म्हणजे ताब्यात घेता येत नाही, एरर उणे ६. लिनक्सला ती चिप टीव्हीची वाटते आणि तो आपला टीव्हीचा ड्रायव्हर आधी लावून मोकळा होतो. तो ड्रायव्हर ब्लॅकलिस्टमध्ये टाकला, म्हणजे तो लावायचाच नाही असं लिनक्सला सांगितलं, की प्रश्न मिटतो. याबद्दल माहिती भरपूर आहे, म्हणून इथे थांबत नाही.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. जोडणी झाली, स्क्रीनवर धबधबा, म्हणजे वारंवारितांचं वरून खाली सरकणारं चित्र, उतरायला लागला आणि दोन-चार सेकंदांनी अडखळला. आवाज तुटक, चित्र थांबून थांबून. वर पायच्या टर्मिनलवर ओळीमागून ओळ येत होती, ‘एलएल प्लस, नाऊ’ आणि पुढे वाढत जाणारा आकडा. डोंगलकडून आलेले नमुने नेटवर्क उचलत नाही, म्हणून त्यांची रांग लांबत चालली आहे, असा त्याचा अर्थ.

सगळ्यांचा पहिला संशय डोंगलवर गेला. स्वस्तातला आहे, गरम होतो, बदला, असा सल्ला मिळाला. मी आधी नेटवर्क बाजूला ठेवलं. पायवरच आरटीएल-टेस्ट चालवून डोंगलला २४ लाखांच्या दराने बराच वेळ पळवलं. एकही नमुना हरवल्याची ओळ आली नाही. म्हणजे अँटेनापासून पायपर्यंत सगळं ठीक. गळती पायच्या पुढे होती.

मग सुचलं की नमुन्यांचा दर हेच मोजमाप म्हणून वापरता येईल. दर आपल्या हातात आहे आणि प्रत्येक दराला किती मेगाबिट लागतात हे गुणाकार करून कळतं. अडीच लाखांवर आणला, म्हणजे ४ मेगाबिट. आकाशवाणी कोल्हापूर १०२.७ लावलं. एफएमचं एक स्टेशन तेवढ्यात आरामात मावतं. आवाज स्वच्छ आला आणि स्वच्छच राहिला. मग १०.२४ लाख केला, म्हणजे साधारण १६.४ मेगाबिट. लगेच अडखळायला लागलं. या डोंगलला तीन लाख ते नऊ लाखांच्या मधले दर चालत नाहीत, त्यामुळे आणखी बारीक मोजता आलं नाही. पण एवढंही पुरेसं होतं. चार जातात, सोळा जात नाहीत. लॅनच्या दुनियेत या दोहोंच्या मध्ये एकच ओळखीचा आकडा आहे, दहा.

इथटूल या कमांडने पायला लॅन पोर्टचा वेग विचारला. उत्तर आलं, १० मेगाबिट. पाय ३ चं पोर्ट १०० चं, राउटरचंही १०० चं, आणि दोघांनी आपसात ठरवलेला वेग दहा. मला तेव्हा फार बरं वाटलं. दोष केबलमध्ये आहे हे आता अंदाजाने नव्हे, आकड्याने सांगता येत होतं.

पेठेतल्या एका केबल टाकणाऱ्या मुलाला बोलावलं. त्याने दोन्ही टोकांना टेस्टर लावला. एक ते आठ दिवे ओळीने लागत गेले.

“सर, आठच्या आठ लागत्यात. वायर ओके हाय,” तो म्हणाला.

“मग वेग दहाच का दाखवतोय?”

“ते मशीनचं असंल तुमच्या.”

त्याचं म्हणणं त्याच्या टेस्टरपुरतं बरोबर होतं. या टोकाची एक नंबरची तार त्या टोकाच्या एक नंबरला पोचते का, एवढंच तो टेस्टर बघतो. पण लॅन केबलमध्ये आठ तारा सुट्या नसतात, दोन-दोन पिळून चार जोड्या असतात. एका जोडीतून सिग्नल एकमेकांच्या उलट जातो, म्हणून बाहेरचा गोंगाट आणि शेजारच्या जोडीची कुजबुज दोन्ही तारांवर सारखी पडून वजा होते. पिळाचा सगळा उपयोग तो. आणि १० किंवा १०० मेगाबिटला एक जोडी लागते ती १ आणि २ क्रमांकाच्या पिनांवर आणि दुसरी ३ आणि ६ क्रमांकाच्या पिनांवर. चार-पाचवर नव्हे, तीन आणि सहावर.

मी प्लगची खिट्टी खाली धरून भिंगातून रंग वाचले. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, हिरवी, पांढरी-निळी, निळी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. डोळ्याला छान दिसणारा क्रम, जोडीला जोडी लागून. खालच्या टोकालाही हुबेहूब तसंच, म्हणून टेस्टर खूश. पण तिसऱ्या पिनेवर हिरव्या जोडीतली तार आणि सहाव्या पिनेवर निळ्या जोडीतली. एकाच सिग्नलची ये-जा दोन वेगळ्या पिळांमधून चालली होती. गच्ची ते तळमजला एवढ्या लांबीत त्यांची कुजबुज इतकी वाढते की १०० चा वेग टिकत नाही, आणि १० मात्र कसाबसा चालून जातो. सीसीटीव्हीला तेवढं पुरत होतं, त्यामुळे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

बरोबर क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. निळी जोडी मध्ये घुसते आणि हिरवी तिला दोन्ही बाजूंनी धरते. मी कागदावर काढून दाखवलं. तो मुलगा हुशार, दोन मिनिटांत त्याला पटलं. दोन्ही टोकांना हातभर वायर शिल्लक होती. जुने प्लग कापून त्याने नवीन क्रिंप केले, आणि पिळ प्लगच्या अगदी तोंडापर्यंत राहील याची काळजी घेतली. तिथे वायर फार उकलली तर पुन्हा तोच त्रास. पायला विचारलं, १०० मेगाबिट. दर २४ लाखांवर नेला आणि १४४ ते १४६ चा सगळा पट्टा न अडखळता उतरायला लागला. रांग वाढल्याच्या ओळी बंद झाल्या. तो मुलगा तिथेच उभा राहून बघत होता. आता लॅनची जुनी तक्रार आली की तो दिव्यांच्या आधी रंग बघतो, असं त्याने मला नंतर सांगितलं.

यानंतरही अधूनमधून पाय एकदम गायब व्हायचा. ते वेगळंच दुखणं निघालं. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की पाय तशी नोंद ठेवतो आणि विचारल्यावर सांगतो. शून्य आलं तर सगळं ठीक. माझ्याकडे ५०००० आला, म्हणजे मधल्या काळात व्होल्टेज पडलं होतं आणि पायने स्वतःचा वेगही कमी केला होता. चार्जर चांगला होता, त्याची मोबाईलची बारीक आणि लांब वायर डोंगलसकट भार पेलत नव्हती. जाड, आखूड वायर लावली आणि थांबलं.

मग गडहिंग्लजहून येणाऱ्या एका मुलाने विचारलं, “सर, मला घरनं ऐकता येईल का?” रास्त प्रश्न होता. अंतराळ स्थानक क्लासच्या वेळा बघून जात नाही. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केलं, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी पायकडे वळवली, पण बाहेरून टाइम आउट. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता बघितला, तर तो १००.६४ ते १००.१२७ या पट्टीतला. ही पट्टी २०१२ मध्ये खास इंटरनेट कंपन्यांसाठी राखून ठेवली गेली, अनेक ग्राहकांना एकाच खऱ्या पत्त्यामागे बसवण्यासाठी. कंपनीच्या यंत्रामागे बसलेल्या राउटरवर कितीही फॉरवर्डिंग केलं तरी बाहेरचा निरोप तिथवर येतच नाही. त्यावर उपाय टेलस्केलसारखं खासगी जाळं. पाय आणि त्या मुलाचा लॅपटॉप दोघेही आतून बाहेर जोडणी करतात आणि मध्ये भेटतात. टेलस्केलही पत्ते याच १०० च्या पट्टीतले देतं, त्यामुळे कुठला पत्ता कंपनीचा आणि कुठला टेलस्केलचा हे लिहून ठेवा.

तरी ३८ मेगाबिट गडहिंग्लजपर्यंत अखंड पाठवायचे कशाला? कच्चे नमुने बाहेर न पाठवता पायवरच ओपनवेबआरएक्स चालवलं. ते डीमॉड्युलेशन, म्हणजे नमुन्यांतून आवाज काढणं, वरच उरकतं आणि ब्राउझरला आवाज आणि धबधब्याचं चित्र तेवढं देतं, ८०७३ पोर्टवर. मोबाईल डेटावरही चालतं, आणि एकाच वेळी बरीच मुलं ऐकू शकतात. आरटीएल-टीसीपीत एका वेळी एकच जण. कच्चं रेकॉर्डिंग करायचं असेल तेव्हा मी ओपनवेबआरएक्स थांबवून घरातल्या घरात आरटीएल-टीसीपी लावतो, कारण डोंगल एका वेळी एकाच प्रोग्रामच्या हाती राहतो. हे दोन्ही वापरणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: आरटीएल-टीसीपीला पासवर्ड नसतो. १२३४ पोर्ट उघड्या इंटरनेटवर कधीही ठेवू नका.

आता मुलं आपापल्या घरून ऐकतात आणि डॉप्लरची रेघ वाकायला लागली की ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकतात. गडहिंग्लजच्या मुलाची पुढची मागणी आली आहे, “सर, ४३७.८०० पण लावा की.” स्थानकावरचा रिपीटर, म्हणजे आलेला सिग्नल पुन्हा प्रक्षेपित करणारं यंत्र, त्या वारंवारितेवर उतरतो. त्याला अँटेना वेगळी लागेल आणि डोंगलही दुसरा, कारण १४५ आणि ४३७ एकाच वेळी या डोंगलच्या खिडकीत मावत नाहीत. पाईपच्या दुसऱ्या ब्रॅकेटचं माप उद्यमनगरात देऊन आलो आहे.