सुट्टी नसलेले सण

आमच्या मंडळाचा गणपती अगदी छोटा असायचा, दीड फुटाची शाडूची मूर्ती, देखावा नाही, ढोलपथक नाही, विसर्जनाला हातगाडी. नारायण पेठेत राहून असा गणपती म्हणजे बाहेरचं कुणी मुद्दाम बघायला यायचं नाही आणि आम्हा पोरांना त्याचं जाम वाईट वाटायचं. पण उरलेल्या वर्षात आमचं मंडळ जे करायचं ते आख्ख्या पुण्यात कुणी करत नसेल असं मला तेव्हा वाटायचं आणि खरं सांगू, आजही वाटतं.

वाड्याच्या जिन्याखाली मंडळाची खोली होती. आत एक लाकडी कपाट, दोन सतरंज्या, जुन्या चादरीत बांधून ठेवलेलं मखर आणि बाहेर भिंतीवर एक काळा फळा. त्या फळ्यावर सर लिहायचे. सर म्हणजे वाड्यातलेच, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले, सगळा वाडा त्यांना सरच म्हणायचा, अगदी दूधवालासुद्धा. कधी फळ्यावर असायचं "शनिवारी संध्याकाळी ६, घरातला एक दिवा घेऊन येणे", कधी "रविवारी सकाळी ९, गोल वस्तू आणणे, फुटणारी नको". बस एवढंच. कसला दिवस आहे ते लिहायचेच नाहीत, आल्यावर कळायचं. वर्गणी नाही, शाळेला सुट्टी नाही, नवीन कपडे नाहीत. ह्यातले काही दिवस कॅलेंडरवर बारीक अक्षरात असायचे, काही तर तिथेही नसायचे.

दिव्याचं आधी सांगते. आषाढ संपतो ती दिव्याची अमावस्या. हल्ली ह्या दिवसाचं नाव काढलं की लोकांना भलतंच काहीतरी आठवतं आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण मूळ दिवस इतका सुंदर आहे. पावसाळ्यातले काळोखे दिवस, पुढे श्रावण, म्हणून घरातले सगळे दिवे काढायचे, घासायचे, पाटावर मांडायचे आणि त्यांचीच पूजा करायची. आणि कणकेचे गूळ घातलेले दिवे वाफवून त्यावर साजूक तूप. आमच्याकडे हे मंडळाच्या खोलीसमोर चौकात व्हायचं. समया, निरांजनं, लामणदिवा तर यायचेच, पण सरांचा नियम असा की जे उजेड देतं ते सगळं चालेल. त्यामुळे कंदील यायचे, बॅटऱ्या यायच्या, एका काकूंनी स्टोव्हवाली गॅसबत्ती आणली होती आणि एकदा माझ्या भावाने सायकलचा डायनामोवरचा दिवा काढून आणला. तो पाटावर समईच्या शेजारी ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. लोखंडी, थोडा गंजलेला, काचेला तडा गेलेला दिवा आणि त्यावर जास्वंदीचं फूल, ते चित्र माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक मावशी राहायच्या. काका लवकर गेले होते. चैत्रातलं हळदीकुंकू असो की संक्रांतीचं, मावशी दारातच थांबायच्या किंवा यायच्याच नाहीत, आंब्याची डाळ आणि पन्हं मग त्यांना वर नेऊन द्यायचं, ते काम माझ्याकडे असायचं. कुणी त्यांना येऊ नका म्हणायचं नाही पण या असंही कुणी म्हणायचं नाही. तर २००३ च्या दिव्याच्या अमावस्येला सरांनी काडेपेटी सरळ त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, मावशी पहिली समई तुम्ही लावा. चौकात एकदम शांतता झाली. मावशींनी इकडे तिकडे बघितलं, मग वाकून लावली. कुणीही काही बोललं नाही, कारण हा कार्यक्रम मंडळात पहिल्यांदाच होत होता आणि त्यात कुणी कुठे उभं राहायचं, कुणाचा मान पहिला, हे ठरलेलंच नव्हतं. त्यानंतर प्रत्येक वर्षी पहिली समई मावशींचीच.

मोठ्या सणांवर माझं प्रेम आहे, दिवाळीला मी आजही पहाटे चारला उठते, पण मोठ्या सणाला प्रत्येकाची जागा आधीच ठरलेली असते. ह्या छोट्या दिवसांना तसं नसायचं, कुणीही पुढे यावं.

गोल वस्तूंचा दिवस म्हणजे १४ मार्च, पाय दिवस, पाय म्हणजे गणितातला π, वर्तुळाचा घेर भागिले त्याची रुंदी. अमेरिकेत महिना आधी लिहितात म्हणून ती तारीख ३/१४ होते आणि पायची किंमत ३.१४. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका विज्ञान संग्रहालयात लॅरी शॉ नावाच्या माणसाने १९८८ साली तो सुरू केला. आईनस्टाईनचा जन्मही १४ मार्चचाच, १८७९ चा. पुढे २०१९ मध्ये युनेस्कोने हाच दिवस आंतरराष्ट्रीय गणित दिवस म्हणून जाहीर केला, तेव्हा सर फार खूश झाले. पण आम्ही लहान असताना ह्यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही परात, ताट, कढईचं झाकण, पाटल्या, कॅरमचा स्ट्रायकर असं घेऊन जायचो. सुतळीने वस्तूचा घेर मोजायचा, मग मधून आरपार रुंदी मोजायची आणि पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागायचं. परात एवढी मोठी आणि स्ट्रायकर एवढासा पण उत्तर आपलं तीन आणि वर थोडंसं! मला आठवतंय मी आईची बांगडी आणली होती, ती जरा चेपलेली असणार, माझं उत्तर ३.३ आलं आणि मी रडकुंडीला आले. सरांनी ते खोडलं नाही. सगळ्यांचे आकडे फळ्यावर मांडले, माझासुद्धा, सरासरी काढली आणि ती ३.१५ च्या आसपास आली. मग नानकटाई, कारण ती गोल. कुणीतरी म्हणालं पण सर आपण तर तारीख आधी लिहितो, मग आपला पाय दिवस २२ जुलै, बावीस सप्तमांश. सरांनी टाळ्या वाजवल्या आणि तेव्हापासून आमच्याकडे पाय दिवस वर्षातून दोनदा.

लीप वर्षाचं पण असंच. २००४ ची २९ फेब्रुवारी रविवारी आली होती आणि त्याच वर्षी अधिक श्रावण होता. सरांनी दोन्ही एकत्र घेतलं. पृथ्वीची सूर्याभोवतीची फेरी ३६५ दिवसांवर जवळजवळ पाव दिवस जास्त घेते म्हणून इंग्रजी कॅलेंडरवाले चार वर्षांनी एक दिवस वाढवतात, आणि आपलं चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं म्हणजे दरवर्षी अकरा दिवस मागे पडतं म्हणून आपण साधारण पावणेतीन वर्षांनी आख्खा महिनाच वाढवतो. हिशोब एकच, फेडायची पद्धत वेगळी, हे सरांचं वाक्य. मग म्हणाले की १९ वर्षांनी हे गणित पुन्हा जुळतं, म्हणजे २०२३ ला परत अधिक श्रावण येईल, तेव्हा माझी आठवण काढा. २०२३ ला अधिक श्रावण आला. आई जावयासाठी तेहेतीस अनारसे मोजत होती आणि मी तिच्यासमोर बसून रडत होते, तिला वाटलं अनारसे हसले म्हणून.

शिळासप्तमी बायकांची लाडकी. श्रावण शुद्ध सप्तमी, नागपंचमीनंतर दोन दिवसांनी. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं शिळं खायचं. मंडळात सगळ्यांनी आपापला डबा घेऊन यायचं, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, दहीभात, शेंगदाण्याची चटणी, आणि कुणाच्या घरी गॅस लागत नसल्याने सगळ्या काकू दुपारी निवांत गप्पा मारत बसलेल्या. माझ्या आईला मी वर्षभरात तेवढं एकदाच पाय पसरून बसलेलं बघायचे.

१२ जुलैला मात्र खाऊ नसायचा. पानशेतचा दिवस. १९६१ साली त्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासला पण फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये घुसलं. आमच्या वाड्यातल्या आज्या त्या दिवशी सांगायच्या, पोरं बोटाला धरून पर्वतीकडे कसं पळालो, परत आलो तेव्हा घरात चिखल किती होता, भांडी कुठे सापडली. पूरग्रस्तांसाठी नंतर गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या आणि कितीतरी शेजारी तिकडे गेले ते गेलेच. जिन्याच्या भिंतीवर पाणी चढलं होतं तिथे कुणीतरी तेव्हाच खिळ्याने रेघ मारून ठेवली होती. आम्ही पोरं दरवर्षी त्या रेघेला पाठ लावून उंची मोजायचो. ज्या वर्षी माझं डोकं रेघेच्या वर गेलं त्या वर्षी आजी म्हणाली, आता तू बुडली नसतीस. ती हे अगदी मनापासून म्हणाली होती.

बाकी २० मार्चचा चिमणी दिन नंतर आला, नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून तो जगभर व्हायला लागला आणि मराठी माणसाने सुरू केलाय म्हणून आमच्याकडे त्याचं फार कौतुक. तेव्हा मी कॉलेजला होते. वाडे पडत चालले होते, कौलांच्या खाली आणि भिंतीच्या भोकांत चिमण्यांना जागा असायची ती गेली होती, म्हणून आम्ही लाकडी घरटी टांगायचो. ३ जूनचा सायकल दिन सरांनी फार उत्साहाने घेतला, पुणं म्हणजे एकेकाळी सायकलींचं शहर, त्यामुळे. २ सप्टेंबर नारळाचा दिवस, त्याला ओल्या नारळाच्या करंज्या.

पण माझा सगळ्यात लाडका दिवस शून्य सावलीचा. पुण्यात तो १३-१४ मेच्या सुमाराला येतो. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली काही क्षण दिसेनाशी होते. कोल्हापूरला हा दिवस आठवडाभर आधी, नाशिकला साधारण आठवड्याने, आणि दिल्लीला कधीच नाही कारण ती कर्कवृत्ताच्या वर आहे, हे ऐकून आम्हाला दिल्लीची दया आली होती. तसा जुलैच्या शेवटीही येतो पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं, तरी सर नियमाने छत्री घेऊन वर जायचे.

वाड्याला कौलं, म्हणून समोरच्या बिल्डिंगची गच्ची मागून घ्यायचो. मेची दुपार, गच्ची अशी तापलेली की पोरं एका पायावर नाचायची, मग एका काकूंनी ओली पोती अंथरली. सर आपला सरळ उभ्या बाजूंचा स्टीलचा पेला आणायचे, बुडावर नाव कोरलेला, आणि तो उपडा न ठेवता सरळ ठेवायचे. वेळ बारा एकतीस. ह्या कामाला मावशी. काकांचं एचएमटीचं चावीचं घड्याळ त्यांच्या मनगटावर, पट्टा मोठा म्हणून त्याला आणखी एक भोक पाडलेलं, आणि ते सकाळच्या आकाशवाणीच्या बातम्यांना लावून आणलेलं. बारा वीसला पेल्याच्या एका बाजूला सावलीची चंद्रकोर असायची. ती बारीक होत जायची, नखाएवढी, मग दोऱ्याएवढी. सगळे गुडघ्यावर, डोक्याला डोकं लावून, कुणी श्वाससुद्धा घेत नसे. मावशी मोठ्याने म्हणायच्या, तीस... आणि मग, आली! आणि पेल्याभोवती काही म्हणजे काहीच नाही, नुसता उजेड. मी एकदा विचारलं मावशी सावली गेली कुठे, तर म्हणाल्या पायाखाली बघ, जाईल कुठे. दोन मिनिटांत दुसऱ्या बाजूने दोरा दिसायला लागायचा आणि सगळे एकदम बोलायला लागायचे आणि कोकम सरबत यायचं.

२०१६ ला वाडा रिडेव्हलपमेंटला गेला. कुणी कोथरूडला, कुणी सिंहगड रोडला, आम्ही वाकडला. फळा कुणी नेला ते कळलंच नाही, मी विचारलं पण होतं. सरांनी मग पोस्टकार्डं सुरू केली. ९ ऑक्टोबरला जागतिक पोस्ट दिवस असतो, १८७४ साली त्या दिवशी स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जगाची पोस्टाची संघटना झाली म्हणून. त्या आठवड्यात वाड्यातल्या प्रत्येकाला पन्नास पैशाचं एक कार्ड यायचं आणि त्यावर फळ्यासारखंच, वार, वेळ आणि काय आणायचं. आम्ही जमायचो, कधी वीस जण, कधी सहा.

सर २०२१ मध्ये गेले. त्यांच्या मुलीने तो पेला मला दिला. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मला वाटलं आता कार्ड येणार नाही, तर आलं. अक्षर थरथरतं, मावशींचं. दरवर्षी येतं. यंदाचं समोर फ्रिजला लावलंय, "मे महिन्यात तुझ्या टेरेसवर. घड्याळ दुरुस्त करून घेतलंय. सरांचा पेला घासून ठेव."

पेला घासलाय. टेरेसच्या किल्लीचं वॉचमनकाकांशी बोलून ठेवलंय, त्यांनाही यायचंय म्हणाले, त्यांचं गाव लातूरकडे, तिकडे हा दिवस कधी येतो विचारत होते. मावशींना आता बारावा मजला झेपणार कसा म्हणून मी लिफ्टच्या वर गच्चीपर्यंत पायऱ्या मोजून आले. चौदा आहेत. मध्ये एक खुर्ची ठेवणार आहे.