एल्टन जॉनच्या बापालाही पद आहे

इंग्लिश पॉप गायक एल्टन जॉनच्या आयुष्यावरच्या 'रॉकेटमॅन' या सिनेमाबद्दल मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली तक्रार म्हणजे त्यातल्या तारखा चुकीच्या आहेत. तक्रार खरी आहे. ऑगस्ट १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या ट्रूबाडोर क्लबात एल्टन जॉन पहिल्यांदा वाजवायला बसतो आणि 'क्रोकोडाइल रॉक' सुरू करतो. ते गाणं आलं १९७२ ला. नावातलं 'जॉन' त्याने घेतलं लाँग जॉन बाल्ड्री या गायकावरून. सिनेमात मात्र जॉन लेननच्या फोटोकडे बघून त्याला ते सुचतं. माझा पुतण्या गिटार वाजवतो, त्याला असल्या गोष्टी तोंडपाठ. "काका, अर्धा सिनेमा थापा आहे," असं त्याचं म्हणणं.

मी सांगलीत हौशी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करतो, त्यामुळे माझा हिशेब जरा वेगळा आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत नाटक 'सौभद्र' १८८२ चं. त्यातला अर्जुन महाभारतातला, आणि गातो मात्र किर्लोस्करांच्या काळात लोकांच्या कानात होत्या त्या चालींवर. आजवर एकाही प्रेक्षकाने विंगेत येऊन मला विचारलेलं नाही की अर्जुन हे शिकला कुठे. पद, म्हणजे नाटकातलं गाणं, त्या जागी शोभतं का, एवढंच लोक बघतात. शोभलं की वन्स मोअर.

२०१९ चा हा सिनेमा त्या जातीचा आहे. एल्टन केशरी रंगाचा सैतानी पोशाख घालून, शिंगं-पंखांसकट, व्यसनमुक्ती केंद्रातल्या खुर्चीवर येऊन बसतो आणि लहानपणाबद्दल बोलायला लागतो. बोलता बोलता आवाज गाण्यात कधी शिरला ते कळत नाही, तोवर लहानगा रेजी (म्हणजे एल्टनच, खरं नाव रेजिनाल्ड ड्वाइट) समोर हजर आणि पाठोपाठ तो वाढला त्या लंडनजवळच्या पिनरची अख्खी गल्ली नाचायला लागलेली. गद्य संपून पद सुरू होतं तो सांधा साथीदाराला फार जपावा लागतो. नटाचं शेवटचं वाक्य पडायच्या आत सूर द्यायचा असतो. लवकर दिला तर वाक्य मरतं, उशिरा दिला तर नट. दिग्दर्शक डेक्स्टर फ्लेचरला तो सांधा कळलाय.

मला सगळ्यात आवडलेला प्रवेश ट्रूबाडोरचा नाही, घरातला आहे. बाप हवाई दलातला, खुर्चीत बसून जॅझच्या रेकॉर्डी ऐकणारा. पोराने रेकॉर्डीला हात लावलेला त्याला खपत नाही, पोराला जवळ घेणं तर लांबच. तिथे 'आय वाँट लव्ह' येतं. गाणं २००१ चं, घर १९५० च्या दशकातलं. आई गाते, आजी गाते, रेजी गातो आणि तो कोरडा बापही गातो. एकच गाणं, घर एकच, पण एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नाही. गाण्याच्या आधी मी त्या बापावर मनातल्या मनात दात खात होतो. त्याच्या वाट्याच्या ओळी झाल्या आणि तेवढं सोपं राहिलं नाही. खलनायकाला पद दिलं की असं होतं. अख्ख्या सिनेमात त्या माणसाला याहून चांगलं स्पष्टीकरण मिळत नाही, आणि लागतही नाही.

एल्टन झालेला टॅरन एगर्टन स्वतः गायलाय. आवाज एल्टनचा नाही, तसा प्रयत्नही नाही. गायक-नट तो हाच. क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्यावरच्या 'बोहेमियन रॅप्सडी' या सिनेमात रामी मालेक ओठ हलवतो आणि आवाज मुख्यतः फ्रेडीचाच, थोडा दुसऱ्या गायकाचा. पाचगणीला शिकलेला म्हणून फ्रेडीवर आपला जीव जरा जास्त, माझाही आहे. पण तारखा तिथेही हलवल्यात, आणि त्या मला खुपतात. जुलै १९८५ च्या 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या मैफलीआधी क्वीन फुटलेला नव्हता, त्याच वर्षी ते दौरे करत होते. सिनेमा म्हणतो फुटलेला, आणि वर स्टेजवरचा पियानो, त्यावरचे ग्लास, सगळं हुबेहूब मांडून 'बघा, अस्संच झालं' म्हणून शपथही घेतो. 'रॉकेटमॅन'मध्ये ट्रूबाडोरच्या त्या गाण्यात क्लबातली माणसं जमिनीपासून वर तरंगतात, एल्टनचे पाय मागे हवेत. आता त्याच्याकडे कोण तारीख मागणार? गंमत म्हणजे 'बोहेमियन'चा दिग्दर्शक अर्ध्यात गेल्यावर तो पुरा करायला हाच फ्लेचर आला होता.

दोष आहेत. व्यसनमुक्तीच्या खुर्च्यांकडे सिनेमा सारखा परत जातो आणि गाण्यांनी सांगून झालेलं तिथे पुन्हा बोलून दाखवतो. रेनाटे ब्लाउएलशी झालेलं चार वर्षांचं लग्न तर चहा प्यायला उठलात तर चुकेल. एल्टन आणि त्याचा नवरा डेव्हिड फर्निश निर्मात्यांत आहेत, म्हणजे घरचंच कार्य. तरी दारू, कोकेन, शय्या यांतलं काही झाकलेलं नाही, हे मान्य करायला हवं.

हे सगळं बघताना मला आपला 'बालगंधर्व' आठवत राहिला. २०११ चा, सुबोध भावेंचा. आनंद भाटे त्यात काय गायलेत! राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण गाणं आलं की ते बहुतेक वेळा रंगमंचावरच, समोर प्रेक्षक, मागे पडदा. नारायणरावांच्या, म्हणजे बालगंधर्वांच्या, आयुष्यात जे घडत होतं ते मात्र गद्यातच राहिलं. ज्या माणसाने जन्मभर पदांतून संसार, रुसवे, विरह मांडले, त्याच्या स्वतःच्या कर्जालाही एखादं पद हवं होतं. त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीच्या दारात सावकार उभे आहेत, आत शालूंचे गठ्ठे आणि अत्तराच्या कुप्या उतरतायत, आणि पहिला सावकार घसा साफ करून साकी सुरू करतो. दुसरा दिंडी, दोन्ही संगीत नाटकातले जुने पद्यप्रकार. आतून नारायणराव ऐकतात आणि म्हणतात, "देवा, आपला सूर किंचित उतरलाय." असा प्रवेश कुणी लिहिणार असेल तर ऑर्गनला मी आहे. पैसे नकोत.