'धीर धरा' न म्हणणारी माणसं

आज दुपारी आमच्या कॅन्सरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ग्वाल्हेरच्या एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. (त्यांना विचारूनच लिहितेय.) पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध चालू आहे, बोटांची टोकं बधिर झालीत, ब्लाऊजचे हुक लागत नाहीत. सुनेला हाक मारायची लाज वाटली म्हणून दार लावून रडत बसल्या होत्या.

मी इथे इंदूरला रामबागेत पोळ्या करत होते. गॅस बंद करून तशीच ऐकत उभी राहिले. माझीही बोटं अशीच झाली होती.

ग्रुपवर कोणीही 'पॉझिटिव्ह राहा' म्हटलं नाही. एका काकांनी लिहिलं, "माझी बटणं बायको लावायची आणि मी भिंतीकडे बघायचो." एकीनं पुढून चेनचा कुर्ता सुचवला. मी म्हटलं, बधिरपणा डॉक्टरांच्या कानावर घालाच, गरज पडली तर ते डोस बदलतात. थोड्या वेळानं ताईंचं उत्तर आलं, "बरं वाटलं गं."

घरचे प्रेमापोटीच गप्प करतात. डोळ्यांत पाणी दिसलं की लगेच विषय बदलतात.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांना १९८९ मध्ये असं आढळलं होतं, की स्तनांचा कॅन्सर पसरलेल्या बायका अशा गटात बोलत राहिल्या तर जास्त जगल्या. २००१ च्या कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही, पण मनाचा त्रास आणि वेदना तुलनेनं कमी राहिल्या. मला तेवढंही खूप मोलाचं वाटतं.

इंदूर, देवास, उज्जैनकडच्या कोणाला ग्रुपमध्ये यायचं असेल तर इनबॉक्स करा. मराठी, हिंदी, जे तोंडी येईल त्यात बोला.