मरिना अजून का ठेवली आहे

‘ताई, ही गाडी अजून ठेवलीत? आणि एवढ्या लांब गाडीला चौदाशेचं इंजिन पुरतं का?’ क्लासला मुलांना सोडायला येणारे पालक विचारतात, सोसायटीतले नवे शेजारी विचारतात, परवा पंपावर हवा भरणाऱ्या मुलानंही विचारलं. मी जाता जाता दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि ते अर्धवटच राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

गाडी टाटा इंडिगो मरिना, डिझेल, २००७ ची. मरिना २००४ मध्ये बाजारात आली. पुढून ती सरळसरळ इंडिगो. मागे मात्र वेगळी डिक्की नाही, छप्पर थेट शेवटपर्यंत नेलेलं आणि पूर्ण वर उघडणारं दार. इंजिन १४०५ सीसी. ती घरी आली तेव्हा मुलं शाळेत होती, सासूबाई हिंडत्याफिरत्या होत्या आणि घरात दोन तानपुरे, एक पेटी आणि तबल्याची जोडी होती. गाडी घेतली ती खरं तर तानपुऱ्यांसाठी.

पुरुषी तानपुरा पाच फुटांच्या आसपास असतो आणि त्याचा भोपळा म्हणजे वाळवलेल्या फळाचं कवच. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे हे भोपळे पिकतात आणि मिरजेच्या सतारमेकर गल्लीत त्यांचे तानपुरे होतात. इतकं जाड दिसणारं ते कवच एका धक्क्यात तडकतं. माझा पहिला तानपुरा एका प्रवासी बसच्या पोटात, लोखंडी पेट्यांच्या शेजारी ठेवून आणला होता. पुण्यात उतरल्यावर गवसणी काढली तर भोपळ्यावर वीतभर लांब तडा. मिरजेच्या कारागिरानं तो इतका सफाईनं भरला की नवख्याला दिसणार नाही, पण मला अंधारातही बोटांनी सापडतो. त्यानंतर तानपुरा दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही हे मी ठरवून टाकलं.

मरिनात मागची सीट आडवी केली की सलग जागा होते. खाली गादी घालायची, तारा थोड्या उतरवायच्या, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीखाली फडक्याची घडी सरकवायची. मग भोपळा मागच्या दाराकडे आणि दांडी पुढच्या दोन सीटांच्या मधोमध. दुसरा तानपुरा शेजारी, त्याच दिशेनं. दोन भोपळ्यांमध्ये उशी. पेटी आणि तबला-डग्गा कडेला. अशा वेळी गाडीत आम्ही दोघंच असतो आणि मी दर खड्ड्याला मागे वळून बघते. मिरज-पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर होतं, आणि इतक्या वर्षांत एकाही भोपळ्याला ओरखडा नाही.

दुसरं कारण नंतर आलं. सहा वर्षांपूर्वी सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि व्हीलचेअर घरात आली. घडी घातली तरी ती पंधरा-सतरा किलोची. जवळच्या एकांच्या उंच गाडीत ती चढवताना मी खांद्यापर्यंत उचलत होते आणि सासूबाईंना पायदानावर एक पाय ठेवून वर ओढून घ्यावं लागत होतं. त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही. मरिनाच्या डिक्कीचा तळ माझ्या गुडघ्याच्या थोडाच वर येतो. खुर्चीची पुढची चाकं काठावर टेकवायची आणि ढकलायची, झालं. सासूबाई आधी सीटवर टेकतात, मग आपले पाय आपण आत घेतात. ‘मला उचलू नका गं,’ हे त्यांचं वाक्य या गाडीत कधी ऐकावं लागत नाही. नवी गाडी बघायला गेलो की मी आधी मागचं दार उघडून काठाची उंची बघते. विक्रेते स्क्रीन दाखवत असतात.

आता इंजिन. पुरतं, पण ते ओळखून चालवावी लागते. पहिल्याच वर्षी पाच माणसं आणि सामान घेऊन साताऱ्याला निघालो होतो. तेव्हा जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागायचा, बोगदा येताना मिळायचा. पुढे उसाचा ट्रक. मी त्याच्यामागे अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवली, थोडी सोडली, परत धरली. तिसऱ्या वळणावर जळका वास आला. पुढच्या महिन्यात क्लचप्लेट बदलली. आमच्या मेस्त्रींनी जुनी प्लेट हातात देऊन तिचा काळा पडलेला भाग दाखवला आणि म्हणाले, ‘ताई, ट्रकला पुढे जाऊ द्या. मध्ये जागा ठेवा आणि एका चालीनं चढा.’

तेव्हापासून पायथ्यालाच एसी बंद करते, काचा खाली, गिअर तिसरा. वेग चाळीस. टर्बोला, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याला, जोर यायला इंजिन फिरतं ठेवावं लागतं. आवाज खाली बसायला लागला की लगेच दुसरा टाकायचा, गाडी धापा टाकेपर्यंत थांबायचं नाही. ओव्हरटेक करताना लांबवर मोकळा रस्ता दिसल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. ज्यांना घाईनं पुढे काढायची सवय आहे त्यांनी ही गाडी घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगते. हायवेला लिटरला सोळा-सतरा देते, डायरीत लिहून ठेवलंय.

‘मग अशा गाड्या आता का मिळत नाहीत?’ हा पुढचा प्रश्न. माझ्या मते २००६ च्या अर्थसंकल्पानं मोठा फरक केला. चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनच्या गाड्यांचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ वर आला. डिझेलला इंजिनची मर्यादा होती १५०० सीसी. मरिनाचं इंजिन त्यात सहज बसत होतं, लांबी बसत नव्हती. २००८ मध्ये इंडिगोची शेपटी कापून चार मीटरच्या आत बसवलेली इंडिगो सीएस, म्हणजे कॉम्पॅक्ट सेडान, आली. कापला गेला तो नेमका मला हवा असलेला भाग. याचं मला आजही वाईट वाटतं.

२०२२ मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली. आरटीओत तपासणी, पर्यावरण कर आणि ५,००० रुपये फी भरून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली. एप्रिलच्या आधी हीच फी ६०० होती, थोडक्यात हुकलं. आता २०२७ ला पुन्हा जायचंय. त्यासाठी मागच्या दाराच्या खालच्या कडेचा गंज खरवडून घेतलाय, रबर नवीन बसवलंय, टायमिंग बेल्ट दिवाळीआधी बदलणार आहे. दार वर तोलून धरणारे दोन गॅसचे दांडे मात्र थकलेत. मेस्त्री ते शोधतायत. तोवर मी दाराला काठी लावते आणि सासूबाई खुर्चीत बसून, काठी नीट लागली का ते बघतात.